पीक पिवळं पडतंय? युरियाच्या आधी मुळांवरच्या गाठी बघा

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमची अडचण हीच आहे का ते लगेच कळेल.

सोयाबीन पेरून महिना झालाय, पण पीक उठाव घेत नाही. रंग पोपटी. खालची पानं आधी फिकी होतात, मग अख्खं पान सारखं पिवळं पडतं आणि गळतं. शेंडा त्या मानाने बरा असतो. कीड दिसत नाही, रोगाचे ठिपके दिसत नाहीत, झाडं नुसती खुरटलेली दिसतात. उन्हाळ्यात जिथे शेणखताचा ढीग होता तेवढीच जागा गर्द हिरवी. हरभऱ्यात हेच चित्र डिसेंबरात दिसतं, भुईमुगात आऱ्या सुटायच्या सुमारास. दर वर्षी त्याच रानात आणि त्याच सुमारास असं होत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

बारामती-इंदापूरपासून जुन्नर-खेडपर्यंत सोयाबीन आणि कडधान्याच्या रानांत माझं फिरणं असतं. या दिवसांत येणारा फोन ठरलेला: "दादा, पीक पिवळं पडलंय, एकरी किती युरिया टाकू?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. आधी चार-पाच झाडं खणून काढा आणि मुळं बघा, मग युरियाचं बोलू.

कारण असं. सोयाबीन, हरभरा, तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग, वाटाणा, मेथी, लसूणघास ही शेंगवर्गातली पिकं आपला बराचसा नत्र हवेतून मिळवू शकतात. हवेत ७८ टक्के नत्रच आहे, पण झाडाला तो थेट घेता येत नाही. मुळांवरच्या गाठींत राहणारे रायझोबियम गटातले जिवाणू त्याचा अमोनिया करून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर पुरवतं. १० क्विंटल सोयाबीन पिकवायला साधारण ८० किलो नत्र लागतो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत तो जेमतेम २० किलो असतो, आणि टाकलेला सगळा पिकाला मिळतही नाही. म्हणजे गाठींचं काम गोणीने भरून काढणं खर्चाचं आहे. शिवाय युरियाने पीक आठवडाभरात हिरवं दिसलं तरी ज्या गाठी सुरू व्हायच्या होत्या त्याही मागे पडतात, आणि ऐन शेंगा भरताना नत्र पुन्हा कमी पडतो.

पिवळं पान नेमकं कुठलं आहे?

ही तपासणी फुकट आहे आणि निम्म्या वेळा इथेच उलगडा होतो. सकाळच्या उजेडात रानाच्या मध्यभागी उभं राहून बघा, बांधावरून नको.

खालची जुनी पानं सारखी पिवळी असतील तर नत्र कमी पडतोय. झाड जुन्या पानांतला नत्र काढून शेंड्याला देतं, म्हणून आधी खालचं पान जातं.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह कमी पडतंय. बारामती, इंदापूर, दौंडकडच्या चुनखडीच्या जमिनींत सोयाबीन आणि भुईमूग पिवळे पडण्याचं हे फार मोठं कारण आहे. लोक त्याला केवडा पडला म्हणतात. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळाला घेता येत नाही. लांब झड लागली की चांगल्या रानातही थोडे दिवस असं होतं आणि वाफसा आला की आपोआप सुधारतं. खात्री करायची तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडं लिंबूसत घालून एका ओळीवर संध्याकाळी फवारा. आठवडाभरात तेवढ्या ओळीची नवी पानं हिरवी निघाली, तर तुमचा प्रश्न लोहाचा होता. तिथे युरियाही नको आणि बियाण्याला लावायचं जिवाणूंचं पाकीटही नको.

कोवळी पानं शिरांसकट फिकी असतील तर गंधकाचा संशय घ्या. पानावर हळदीसारखे पिवळे आणि हिरवे चट्टे मिसळलेले, पानाखाली पांढरी माशी, असं असेल तर तो पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग आहे. ती झाडं लगेच उपटून गाडून टाका.

झाड खणून काढा, उपटू नका

झाड हाताने उपटलं की बारीक मुळं आणि गाठी मातीतच राहतात आणि "गाठीच नाहीत" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. वाफशावर, झाडापासून वीतभर अंतर सोडून कुदळीने किंवा टिकावाने ढेकळासकट झाड काढा. ढेकूळ बादलीभर पाण्यात पाऊण तास भिजू द्या, मग हळूहळू हलवून माती सोडवा. पिवळ्या भागातली चार-पाच झाडं आणि त्या गर्द हिरव्या ठिपक्यातलं किंवा शेजारच्या रानातलं एक झाड, अशी घ्या. तुलनेला चांगलं झाड नसेल तर काय बघायचं तेच समजत नाही.

उगवणीनंतर दोन-तीन आठवड्यांत गाठी डोळ्याला दिसू लागतात, पण त्यांचं काम जोरात चालतं ते फुलोऱ्यापासून शेंगा भरेपर्यंत. त्यामुळे पंधरा दिवसांच्या पिकात गाठी दिसल्या नाहीत म्हणून घाबरू नका. तपासणीची खरी वेळ सोयाबीनमध्ये ३० ते ४५ दिवस. फुलोऱ्यात दर झाडाला ८ ते २० टपोऱ्या गाठी असतील तर ठीक समजा.

जागाही बघा. सोटमुळाच्या वरच्या भागात, बियाणं पडलं होतं त्याच्या आसपास गाठींचा झुबका असेल, तर बीजप्रक्रिया, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला जिवाणू लावणं, लागू पडली आहे. लांबच्या बारीक मुळांवर विखुरलेल्या छोट्या गाठी बहुधा जमिनीत आधीपासून असलेल्या जिवाणूंच्या असतात. आकार पिकाप्रमाणे बदलतो. सोयाबीन, मूग, चवळीच्या गाठी गोल. भुईमुगाच्याही गोल, पण बगलमुळं जिथे फुटतात त्या बेचक्यांत बसलेल्या. हरभरा, वाटाणा, मेथीच्या लांबट आणि बऱ्याचदा फांद्या फुटल्यासारख्या.

आता सगळ्यांत महत्त्वाची खबरदारी. मुळावरचा प्रत्येक फुगवटा ही जिवाणूंची गाठ नसते. नारायणगाव पट्ट्यात टोमॅटो काढून चवळी किंवा घेवडा केलेल्या रानात मुळं गाठींनी लडबडलेली दिसतात, शेतकरी खूश होतो, आणि ते निघतात सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्याला न दिसणारे कृमी. फरक बोटाने कळतो. जिवाणूंची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, अंगठ्याने सारली की सुटून येते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती सुटत नाही, ओढली तर मूळ तुटतं.

गाठ फोडा आणि आतला रंग बघा

या एका तपासणीवर माझा सगळ्यांत जास्त भरवसा आहे, आणि तिला नख किंवा ब्लेडचं पातं पुरतं. नुसत्या गाठी मोजून काही कळत नाही. गाठी भरपूर आणि सगळ्या रिकामटेकड्या, असंही होतं.

आतून गुलाबी ते रक्तासारखी लाल असेल तर गाठ काम करतेय. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जवळचाच हा पदार्थ गाठीत का लागतो, ते समजून घेण्यासारखं आहे. हवेतला नत्र फोडणारं जिवाणूंचं विकर (एन्झाइम) प्राणवायूने निकामी होतं, पण त्याच जिवाणूंना जगायला आणि काम करायला प्राणवायू लागतोच. लेगहिमोग्लोबिन प्राणवायू पकडून ठेवतं आणि बेताबेताने सोडतं. म्हणून लाल रंग दिसला की आतलं यंत्र चालू आहे असं खात्रीने म्हणता येतं.

आतून पांढरी असेल तर दोन शक्यता. पीक लहान असेल तर गाठ अजून तयार व्हायची आहे, आठ-दहा दिवसांनी पुन्हा फोडा. फुलोऱ्यातही पांढरीच असेल तर आत शिरलेला जिवाणू त्या पिकाच्या कामाचा नाही. तो साखर खातोय आणि नत्र देत नाही. हिरवट किंवा तपकिरी गाठ म्हणजे काम थांबलेलं. शेंगा भरून झाल्यावर हे नैसर्गिक आहे, पण फुलोऱ्याआधी दिसलं तर पिकाला मोठा ताण बसलाय: पाणी साचलं, फार कोरडं गेलं किंवा मधेच नत्र खत पडलं. हरभऱ्याच्या लांबट गाठीत टोकाला पांढरा, मध्ये गुलाबी आणि बुडाशी हिरवा असे तिन्ही रंग एकत्र असू शकतात. मध्ये गुलाबी आहे ना, मग चिंता नको.

तुरीत आणखी एक गोष्ट आढळते. भारी काळ्या जमिनीत एका माशीची अळी गाठी आतून पोखरते. गाठ बाहेरून नीट दिसते आणि दाबली की पोकळ.

गाठी आहेत, पुरेशा आहेत आणि लाल आहेत, तर इथेच थांबा. तुमचा नत्र चालू आहे, पिवळेपणाचं कारण दुसरं आहे. परत पानांकडे जा.

गेल्या पिकाला आणि या पिकाला किती नत्र दिला?

जमिनीत आयता नत्र भरपूर असला की झाड गाठी बनवतच नाही, कारण जिवाणू पोसायला त्याला स्वतःची साखर खर्च करावी लागते. ऊस मोडून केलेलं सोयाबीन, मंचर-खेडकडे बटाट्याच्या रानातला हरभरा, भरपूर कोंबडीखत पडलेली जागा, इथे गाठी कमी दिसणं स्वाभाविक आहे. अशा रानात पीक सुरुवातीला झकास वाढतं आणि साठा संपला की ऐन फुलोऱ्यात पिवळं पडायला लागतं, कारण तोवर गाठी तयार झालेल्या नसतात.

गाठी कामाला लागेपर्यंत रोपाला सुरुवातीचा थोडा नत्र हवाच. हरभऱ्याला एकरी डीएपीची एक गोणी दिली तर त्यातून ९ किलो नत्र मिळतो, तो पुरे. त्यावर पुन्हा युरिया नको. आणि कडधान्याच्या बेवडावर पुढच्या पिकाचा थोडा नत्र वाचतो, तोही खताच्या हिशेबात धरा.

इथे एक अपवाद लक्षात ठेवा: श्रावण घेवडा आणि राजमा. हे पीक गाठी करण्यात मुळातच कच्चं आहे. पुरंदरमध्ये घेवडा करणाऱ्यांनी हवेतल्या नत्रावर विसंबून राहू नये, त्याला खताचा नत्र शिफारशीप्रमाणे द्यावाच लागतो.

जिवाणूंचं पाकीट: कुठलं, किती जुनं, कसं लावलं

गाठीच नाहीत आणि नत्रही जास्त पडलेला नाही, तर नव्वद टक्के वेळा चूक इथे सापडते असं माझं मत आहे.

पहिली गोष्ट, पाकीट कोणत्या पिकाचं आहे. प्रत्येक जिवाणूचं प्रत्येक पिकाशी जमत नाही. मुळातून पाझरणारे पदार्थ ओळखून जिवाणू जवळ येतो, जिवाणूची खूण मूळ ओळखतं, तेव्हाच मूळकेस वाकून त्याला आत घेतो. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम लागतो, हरभऱ्याला मेसोरायझोबियम, वाटाणा-मसूरला वेगळा. तूर, मूग, उडीद, चवळी आणि भुईमूग यांचा एक गट आहे आणि त्यांचे जिवाणू आपल्या जमिनींत बहुतेक ठिकाणी आधीपासून असतात. म्हणून मुगाला पाकीट न लावताही गाठी येतात. सोयाबीनचं तसं नाही. ते आपल्याकडे मोठ्या क्षेत्रावर आलं ते १९७० नंतर, त्यामुळे ज्या रानात ते कधीच झालं नाही तिथे त्याचा जिवाणू असेल असं धरू नका. अशा रानात पहिल्या पेरणीला जिवाणू लावलाच पाहिजे. पाकिटावर नुसतं "रायझोबियम" लिहिलं असेल तर दुकानदाराला पीक विचारा, आणि त्याला सांगता आलं नाही तर ते घेऊ नका.

दुसरी गोष्ट, त्यात जीव आहे का. खत नियंत्रण आदेशानुसार भुकटीतल्या रायझोबियममध्ये दर ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूपात दर मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. पण मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात, खिडकीशी ठेवलेल्या पाकिटात ते टिकत नाहीत. अंतिम तारीख वाचा, दुकानात ते कुठे ठेवलंय ते बघा, आणि घरी आणल्यावर सावलीत, थंड जागी ठेवा. मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर राहिलेलं पाकीट वापरू नका. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात ताजं मिळालं तर तिथूनच घ्या.

तिसरी गोष्ट लावण्याची. प्रमाण २५० ग्रॅमला १० किलो बियाणं. एकरी ३० किलो सोयाबीन धरलं तर तीन पाकिटं. गूळ पाण्यात उकळून पूर्ण थंड करा, त्यात भुकटी कालवून घट्टसर लेप करा आणि ताडपत्रीवर पसरलेल्या बियाण्याला हलक्या हाताने चोळा. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं. पाणी जास्त झालं किंवा जोरात चोळलं तर साल सुटते आणि उगवण घटते. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा.

क्रम चुकवू नका: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि पेरणीच्या अगदी आधी रायझोबियम. तिन्ही एका बादलीत कालवले तर बुरशीनाशकाने जिवाणू मरतात. कंपनीचं रंगीत, औषध लावलेलं बियाणं असेल तर जिवाणूंचं प्रमाण दुप्पट करा, किंवा कुजलेल्या शेणखतात मिसळून सरीत द्या.

चौथी गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. जिवाणू लावलेलं बियाणं आणि डीएपी एकाच चाड्यातून सोडलं, तर खताच्या तीव्रतेने जिवाणू जमिनीत पडायच्या आधीच संपतात. दोन चाडी पाभर किंवा खताची वेगळी पेटी असलेलं पेरणी यंत्र वापरा, म्हणजे खत बियाण्याच्या खाली आणि बाजूला पडेल. धूळपेरणीत तापलेल्या कोरड्या मातीत बियाणं आठ-दहा दिवस पडून राहिलं तरी तोच परिणाम होतो.

गच्चीवर बाग करणाऱ्यांसाठी एवढंच: कोकोपीटच्या नव्या मिश्रणात हे जिवाणू नसतात. चवळी किंवा वाटाणा लावताना पाकिटातली चमचाभर भुकटी बियाण्याला लावा, बाकी नियम तेच.

पाणी आणि हवा

गाठींना प्राणवायू लागतो हे वर आलंच आहे. पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी हळू सरकतो, त्यामुळे भारी काळ्या रानात चार दिवस पाणी साचलं की गाठी गुदमरतात. रानात जिथे पाणी उभं राहतं तिथेच पीक पिवळं आहे का, ते बघा. असेल तर आज चर काढून पाणी बाहेर काढा आणि वाफसा येताच कोळपणी करा. पुढच्या हंगामात रुंद वरंबा-सरीवर पेरा. उलट टोकही वाईट आहे. लांब उघडीप पडली की पानं सुकायच्या आधीच गाठींचं काम मंदावतं, सोयाबीनमध्ये तर फारच लवकर.

दोन कुंड्यांची चाचणी

पीक निघाल्यावर, पुढच्या पेरणीआधी करायची. जमिनीत त्या पिकाचे जिवाणू आहेत की नाहीत, याचा निकाल घरी लागतो. दोन कुंड्यांत स्वच्छ धुतलेली वाळू आणि चिमूटभर सिंगल सुपर फॉस्फेट घ्या. एकीत आपल्या रानातली ओंजळभर माती मिसळा, दुसरीत तीच माती अर्धा तास पाण्यात उकळून, थंड करून. दोन्हींत औषध न लावलेलं बियाणं लावा, नुसतं पाणी द्या आणि पाच आठवड्यांनी मुळं बघा. पहिल्या कुंडीत लाल गाठी आल्या तर जिवाणू आहेत आणि दोष खत, पाणी किंवा क्षारांत शोधायचा. आल्या नाहीत तर बीजप्रक्रिया अनिवार्य. हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ साली वाळूतल्या वाटाण्यावर याच पद्धतीने दाखवून दिलं होतं, की नत्र मिळवून देणारं काहीतरी जिवंत मातीत आहे. दोन वर्षांनी बायरिंक यांनी तो जिवाणू वेगळा काढला.

माती परीक्षण

इथून पुढे पैसे आणि वेळ लागतो, म्हणून ही तपासणी शेवटी. सामू (पीएच), क्षारता, चुनखडी, स्फुरद (फॉस्फरस) आणि गंधक एवढं तरी करून घ्या. स्फुरद कमी असेल तर गाठी लहान राहतात, कारण नत्र फोडायला प्रचंड ऊर्जा लागते आणि ती स्फुरदाशिवाय तयार होत नाही. मावळ-मुळशीच्या पावसाळी, आम्लधर्मी जमिनीत मॉलिब्डेनम मिळत नाही, आणि नत्र फोडणाऱ्या विकराच्या गाभ्यातच ते असतं. नीरा कालव्याखालच्या क्षारपड रानांत अडचण उलटी. पीक कसंबसं तग धरतं, पण जिवाणू आणि गाठी त्याआधीच हार खातात, हरभऱ्यात विशेष. मॉलिब्डेनम अगदी थोडं लागतं आणि जास्त झालं तर वाईट, ते प्रयोगशाळेच्या सल्ल्याशिवाय घालू नका.

उभं पीक आत्ता कसं वाचवायचं?

पीक तीन आठवड्यांच्या आतलं असेल तर त्याच पिकाचं द्रवरूप रायझोबियम ठिबकमधून किंवा आळवणीने मुळांशी देऊन बघा. माती ओली हवी आणि वेळ संध्याकाळची. फुलोरा आला आणि गाठी नाहीतच, तर या हंगामापुरता नत्र बाहेरून द्यावा लागेल, तिथे हट्ट करू नका. १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरियाची फवारणी करा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. आधी एका ओळीवर करा, ती हिरवी झाली तरच बाकी रानावर.

इथे थांबा आणि तज्ज्ञांना बोलवा

मुळं काळी-तपकिरी पडून साल सुटत असेल आणि झाडं पट्ट्यापट्ट्याने वाळत असतील, तर ती मर किंवा मूळकूज आहे. अशा रानाची माती दुसरीकडे नेऊ नका. सूत्रकृमीच्या गाठी दिसल्या, पिवळा मोझॅक रानभर पसरायला लागला, जमिनीवर पांढरे क्षार फुटले किंवा सामू ८.५ च्या वर गेला, तर घरच्या उपायांवर पुढचा पैसा घालू नका. योग्य पाकीट योग्य क्रमाने लावूनही सलग दोन हंगाम गाठी पांढऱ्याच राहिल्या, तर सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचंच काम आहे.

पुणे जिल्ह्यात बारामती आणि नारायणगाव इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत, पुण्यात कृषी महाविद्यालय आहे, आणि किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक मोफत आहे. जाताना नुसता पानाचा फोटो नेऊ नका. दोन आजारी आणि एक चांगलं झाड मुळाच्या ढेकळासकट ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि त्याच दिवशी पोचवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवलं तर गाठी वाटेतच कुजतात. सोबत पेरणीची तारीख, दिलेल्या खतांची यादी, गेल्या हंगामातलं पीक आणि जिवाणूंचं रिकामं पाकीट न्या, त्यावरचा बॅच क्रमांक वाचता आला पाहिजे.